‘रेस्टॉरंट’ हे मुळात एका सूपचं नाव होतं!



दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रात्रीचे पावणेदहा वाजले होते. माझ्या एका जुन्या पेशंटच्या मुलीचा फोन आला. "डॉक्टर, बाबांना दरदरून घाम फुटलाय, हात थरथरतायत, काहीतरी असंबद्ध बोलतायत. आम्ही बाहेर जेवायला आलोय."

"इन्सुलिन घेतलं होतं का?"

"हो, निघताना घरीच घेतलं. आठ वाजता."

"आणि जेवण?"

"क्लिअर सूप झालं. मेन कोर्स यायचाय अजून."

काकांना गिळता येतंय ना, हे आधी विचारून घेतलं. मग तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून लगेच प्यायला द्यायला सांगितलं. फोन चालूच ठेवला. दहा-पंधरा मिनिटांत काकांचाच आवाज आला, "अहो डॉक्टर, तुम्हाला कशाला उगाच त्रास दिला पोरीने!" मग माझ्या जिवात जीव आला.

लग्नाचा चाळिसावा वाढदिवस होता. मुलीने हौसेने घराजवळच्याच एका चांगल्या फाइन डायनिंग रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक केलं होतं. रेस्टॉरंटचं काही चुकलं नव्हतं, काकांचंही नाही. चूक कोणाची असेल तर माझी. गेली बारा वर्षं मी त्यांच्या कागदावर ‘जेवणाआधी अर्धा तास’ असं लिहीत आलो, पण ‘जेवण’ या शब्दाचा अर्थ कधी विचारला नाही. माझ्या डोळ्यांपुढे घरचं ताट होतं. पोळी, भाजी, वरण, भात, सगळं एकदम वाढलेलं. ते मात्र अशा ठिकाणी बसले होते जिथे जेवण तुकड्यातुकड्याने, दोन तास येत राहतं.

तेव्हापासून मी मधुमेहाच्या आणि बीपीच्या पेशंटना रेस्टॉरंटचा इतिहास सांगायला लागलो आहे. हसू नका! त्या इतिहासात माझ्या कामाच्या बऱ्याच गोष्टी आहेत. आजचा लेख त्यावरच.

आजाऱ्यांसाठीचं सूप

आपण मराठीत सर्रास ‘हॉटेलात जेवायला जाऊ’ असं म्हणतो. हॉटेल आणि हॉस्पिटल हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातून आले आहेत. त्याचा संबंध पाहुण्याशी आणि पाहुणचाराशी आहे. पॅरिसमधल्या सर्वात जुन्या हॉस्पिटलचं नाव आजही ‘ओतेल-द्यू’ म्हणजे ‘देवाचं हॉटेल’ असंच आहे. पण ‘रेस्टॉरंट’ या शब्दाचं वैद्यकाशी असलेलं नातं याहूनही जवळचं आहे.

फ्रेंच भाषेत ‘रेस्तोरे’ म्हणजे पूर्ववत करणं, गेलेली ताकद परत आणणं. जे ताकद आणतं ते ‘रेस्तोराँ’. १८व्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसमध्ये हा शब्द एखाद्या जागेसाठी वापरतच नसत. ते एका पदार्थाचं नाव होतं. कोंबडी, वासराचं किंवा बैलाचं मांस बंद भांड्यात, शक्यतो पाणी न घालता, तासन्‌तास मंद आचेवर ठेवून त्याचा जो दाट रस निघे तो रेस्तोराँ. आजारातून उठलेल्यांना, बाळंतिणींना, अशक्त माणसांना तो देत. १५व्या शतकातल्या एका फ्रेंच कृतीत तर कोंबडीबरोबर सोन्याची नाणी आणि रत्नंही भांड्यात घालायला सांगितली आहेत! आपल्याकडच्या सुवर्णभस्माची आठवण झाली ना? दिदरो यांनी संपादित केलेल्या प्रसिद्ध फ्रेंच विश्वकोशातही या शब्दाची नोंद वैद्यकातली संज्ञा म्हणून आहे.

त्या काळातल्या डॉक्टरांचं म्हणणं साधारण असं होतं. पोटात अन्न पचणं म्हणजे एक प्रकारचं शिजणंच. मग आजाऱ्याच्या कमजोर पोटावर ते काम कशाला टाकायचं? मांस आधीच शिजवून, त्याचं सार काढून दिलं तर पोटाला काही करावंच लागणार नाही. त्यातून पॅरिसच्या सुखवस्तू लोकांमध्ये ‘माझी छाती नाजूक आहे, मला जड अन्न चालत नाही’ असं सांगण्याची एक फॅशनच आली होती. घरात रोज असा रस कोण काढत बसणार? म्हणून तो विकणारी दुकानं निघाली. दुकानदाराला ‘रेस्तोरातर’ म्हणत, म्हणजे ताकद परत देणारा.

पहिलं दुकान कोणाचं? तुम्ही इंटरनेटवर शोधलंत तर १७६५ साल आणि बूलांझे नावाच्या माणसाची गोष्ट सापडेल. त्याने मेंढीच्या पायांचा पांढऱ्या रश्शातला पदार्थ विकला, मग खानावळवाल्यांच्या संघाने त्याच्यावर खटला भरला आणि तो जिंकला, अशी ती गोष्ट. छान आहे, पण रेबेका स्पँग या इतिहासकार बाईंनी पॅरिसची कागदपत्रं तपासली तेव्हा त्यांना अशा खटल्याचा पुरावा सापडला नाही. त्यांच्या मते हा मान माथुरँ रोझ द शांत्वाझो या माणसाचा. त्याने १७६६च्या सुमारास असं दुकान काढलं. गृहस्थ हुशार होता. १७६९ साली त्याने पॅरिसच्या व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची पत्त्यांची यादी छापली आणि त्यात पहिला रेस्तोरातर म्हणून स्वतःचंच नाव घातलं!

त्या सूपने ताकद यायची का?

डॉक्टर म्हणून मला हा प्रश्न पडणारच. उत्तर शोधायला फ्रान्सला पुढची ७०-७५ वर्षं लागली.

१९व्या शतकाच्या सुरुवातीला हाडं उकळून जिलेटिन काढायचं आणि त्याच्या सूपवर गरिबांना आणि हॉस्पिटलमधल्या रुग्णांना जगवायचं, अशी मोठी योजना पॅरिसमध्ये चालू होती. दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाचा तिच्यात पुढाकार होता. हाडं फुकट, त्यामुळे खर्च अगदी कमी. पण या सूपबद्दल तक्रारी वाढल्या. मग तिथल्या विज्ञान अकादमीने माजांदी या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली समिती नेमली. १८४१च्या अहवालात निष्कर्ष आला की नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री खंगत जातात आणि मरतात. जिलेटिन हे प्रथिन असलं तरी अपुरं प्रथिन आहे. त्यात ट्रिप्टोफॅन नावाचं आवश्यक अमिनो आम्लच नसतं, हे नंतर कळलं.

म्हणजे सूप अगदीच निरुपयोगी का? नाही. रशियाच्या पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग तुम्ही शाळेत वाचले असतील. पचनावरच्या कामासाठी त्यांना १९०४चं नोबेल मिळालं. मांसाचा अर्क पोटात गेला की जठररस भरपूर सुटतो, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे सूप भूक जागी करतं, पुढच्या जेवणाची तयारी करतं. आजाऱ्याच्या पोटात पाणी, मीठ आणि ऊब जाते, तेही चांगलंच. पण ते जेवणाची जागा घेऊ शकत नाही.

आता काकांची गोष्ट पुन्हा आठवा. क्लिअर सूपमध्ये कर्बोदकं जवळपास नसतातच. इन्सुलिन आपलं काम करत होतं, रक्तातली साखर पेशींमध्ये ढकलत होतं, आणि भर घालायला पोटातून काहीच येत नव्हतं. ज्या पदार्थाने रेस्टॉरंटला नाव दिलं, तोच प्यायल्यावर काकांची शुगर घसरली.

सोशल मीडियावर ‘बोन ब्रॉथ’चे गोडवे गाणारे व्हिडिओ पाहिले की मला १८४१चा तो अहवाल आठवतो. आवडत असेल तर जरूर प्या. मात्र औषध समजून पिऊ नका, आणि बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर त्यातल्या मिठाकडे लक्ष ठेवा.

आपलं टेबल, आपली निवड

आता या इतिहासातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग.

त्या आधी पॅरिसमध्ये बाहेर जेवायचं म्हणजे ‘ताब्ल दोत’, यजमानाचं टेबल. आपल्या जुन्या खानावळीसारखंच. ठरलेली वेळ, एकच लांब टेबल, ओळख नसलेली माणसं शेजारी, ठरलेले पैसे आणि समोर येईल ते खायचं. उशिरा आलात तर उरलंसुरलं तुमचं. निरोगी माणसाचं त्यात भागतं. पण ज्याचं पोट बिघडलंय, ज्याला दुपारी तीनलाच थोडंसं खावंसं वाटतंय, त्याने काय करायचं?

रेस्तोरातरने या माणसासाठी वेगळी व्यवस्था केली. भूक घड्याळ बघून लागत नाही, म्हणून दुकान दिवसभर उघडं. आजाऱ्याला गर्दी नको, म्हणून स्वतंत्र छोटी टेबलं. प्रत्येकाची तब्येत वेगळी, म्हणून रसाबरोबर ताजी अंडी, दुधातला भात, फळं असे हलके पदार्थ, आणि त्यांतून ज्याला जे चालेल ते त्याने निवडायचं. निवडायचं तर यादी हवी, किंमत हवी. असं पदार्थांच्या नावांचं आणि किमतींचं कार्ड रूढ झालं.

आज फाइन डायनिंगची शान समजल्या जाणाऱ्या गोष्टी म्हणजे वेगळं टेबल, मेन्यू कार्ड आणि वेटरने वाकून ‘आपल्याला काय आवडेल?’ असं विचारणं. या सगळ्यांचं मूळ आजारी माणसाची सोय करण्यात आहे. ‘शरीर ज्याचं त्याचं वेगळं, म्हणून मागणी ज्याची त्याची वेगळी’ हे तत्त्व त्यामागे आहे.

असं असताना माझे पेशंट काय सांगतात? "डॉक्टर, एवढ्या मोठ्या ठिकाणी मीठ कमी घाला असं कसं सांगायचं? लाज वाटते." कोपऱ्यावरच्या टपरीवर ‘चहात साखर कमी’ असं बिनदिक्कत सांगणारा माणूस पांढरं टेबलक्लॉथ दिसलं की गप्प होतो. खरं तर सांगण्याची सर्वात योग्य जागा तीच.

एकामागून एक येणारे पदार्थ

१७८०च्या दशकापर्यंत सूपची दुकानं मागे पडू लागली आणि पूर्ण जेवण देणारी झोकदार रेस्टॉरंट आली. राजघराण्यात स्वयंपाक केलेल्या आंत्वान बोव्हिलिए यांचं रेस्टॉरंट त्यांत फार गाजलं. मग १७८९ची राज्यक्रांती झाली. १७९१मध्ये व्यवसायांचे जुने संघ रद्द झाले, तेव्हा कोणी काय शिजवून विकायचं यावरची बंधनंही गेली. १८०३पासून ग्रिमो द ला रेनिएर या खवय्याने खाण्याच्या ठिकाणांची चर्चा करणारं वार्षिक काढायला सुरुवात केली. आजच्या रिव्ह्यूजचे ते पूर्वजच म्हणा ना! ‘ताकद परत आणणारं’ हे नाव तसंच राहिलं, काम मात्र बदललं.

तोपर्यंत मोठ्या मेजवान्यांत सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडायची फ्रेंच पद्धत होती. दिसायला भव्य, पण हाताशी येईपर्यंत थंडगार. १९व्या शतकात तिच्या जागी ‘रशियन पद्धत’ आली. पदार्थ स्वयंपाकघरातून एकेक करून, गरम, ठरलेल्या क्रमाने आणायचे. पॅरिसमधला रशियन राजदूत प्रिन्स कुराकिन याने १८१०च्या सुमारास ती तिथे दाखवली असं सांगतात. आज सूप, स्टार्टर, मेन कोर्स, डेझर्ट असा जो क्रम आपण पाळतो तो तिथून आलेला.

माझ्या काकांचा घोटाळा याच क्रमात झाला. आपल्या ताटात पोळी आणि भात पहिल्याच मिनिटाला असतात. रशियन पद्धतीत पोटभरीचं अन्न सर्वात शेवटी येतं. मधुमेहाच्या औषधांच्या वेळा मात्र आपण ताट डोळ्यांसमोर ठेवून पाठ केलेल्या असतात.

लोणी, क्रीम आणि एक वेगळं वळण

चव जिभेवर रेंगाळते ती कशामुळे? बऱ्याच अंशी स्निग्ध पदार्थांमुळे. ऑग्युस्त एस्कॉफिए हे फ्रेंच पाककलेतलं मोठं नाव. मोठ्या स्वयंपाकघरात प्रत्येकाचं काम वाटून देण्याची शिस्त त्यांनी बसवली आणि १९०३ साली आपला पाककृतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या परंपरेतले कित्येक सॉस लोणी आणि मैदा परतून, वर दूध, क्रीम किंवा मांसाचा अर्क घालून बनतात. एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ कॅलरी मिळतात, कर्बोदकांच्या दुपटीहून जास्त. टेबलस्पूनभर लोणी म्हणजे सुमारे १०० कॅलरी. सॉसमध्ये ते डोळ्याला दिसत नाही. आपल्याकडच्या रेस्टॉरंटमधल्या मखनी ग्रेव्हीचंही तसंच आहे.

पण याच परंपरेतून एक उलटं उदाहरणही निघालं. मिशेल गेरार हे शेफ १९७४ साली फ्रान्सच्या नैर्ऋत्येला असलेल्या युजेनी-ले-बँ या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी गेले. तिथे लोक उपचारासाठी, वजन कमी करण्यासाठी येत आणि बेचव पथ्याचं खात. गेरार यांनी लोणी, क्रीम, मैदा कमी केला, भाज्यांच्या गरानेच सॉस दाट केले आणि पथ्याचं जेवण चवदार केलं. १९७६ साली त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं आणि १९७७ साली त्यांच्या रेस्टॉरंटला मिशेलिन गाइडचे तीन तारे मिळाले. त्यापेक्षा मोठा मान त्या जगात नाही.

तात्पर्य, कसलेला शेफ पथ्याचं चवदार करू शकतो. आपण मागायला हवं.

तर मग बाहेर जेवायला जाताना काय करायचं?

१. इन्सुलिन घरी घेऊन निघू नका. पेन बरोबर न्या. ऑर्डर देताना ‘रोटी किंवा भात किती वेळात येईल?’ असं विचारा. काही इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असतात, काही अगदी ताट समोर आल्यावर. तुमचं कोणतं आहे आणि बाहेर जेवताना ते कधी घ्यायचं, हे जाण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. जेवणाआधीच्या गोळ्यांबद्दलही विचारा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनीही शुगर खाली जाऊ शकते.

२. औषध घेतलंय आणि जेवण लांबलंय? संकोच न करता एक रोटी किंवा ब्रेड आधी मागवा.

३. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं वाटणं ही शुगर कमी झाल्याची लक्षणं आहेत. ७०च्या खाली म्हणजे कमी. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून लगेच घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा घ्या. चॉकलेट किंवा आइस्क्रीमवर विसंबू नका. त्यातल्या फॅटमुळे साखर हळू शोषली जाते. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

४. दारू घेत असाल तर जास्त सावध राहा. दारूमुळे यकृताचं साखर तयार करण्याचं काम मंदावतं. इन्सुलिन किंवा वरच्यासारख्या गोळ्या चालू असतील तर रात्री उशिरा, झोपेतसुद्धा शुगर घसरू शकते. रिकाम्या पोटी तर नकोच.

५. बीपीवाल्यांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. सूप, सॉस, लोणचं, पापड मिळून एका जेवणात त्यातला मोठा वाटा संपतो. मीठ कमी घालायला सांगा, सॉस वेगळ्या वाटीत मागवा.

६. टेबल बुक करतानाच फोनवर सांगा: ‘आमच्यात एकांना मधुमेह आहे, जेवण नऊच्या आत लागेल.’ ऐन गर्दीत सांगण्यापेक्षा हे त्यांनाही सोयीचं पडतं.

७. डेझर्ट एक मागवा, चार चमचे मागवा.

त्यानंतर महिन्याभराने ते काका-काकू पुन्हा त्याच रेस्टॉरंटमध्ये गेले. वाढदिवस अर्धवट राहिला होता ना! या वेळी काकांनी आधीच फोन केला. टेबलावर बसल्यावर वेटरला सरळ सांगितलं, "मला इन्सुलिन घ्यायचंय, पोटभरीचं आधी आणाल का?" पुढच्या व्हिजिटला मला म्हणाले, "डॉक्टर, त्याने सूपच्या आधी रोटी आणि डाळ आणून ठेवली, वर दोनदा येऊन विचारून गेला. मीच उगाच बारा वर्षं लाजत होतो."

मी त्यांच्या कागदावर आता ‘जेवणाआधी’च्या पुढे दोन ओळी जास्त लिहिल्या आहेत, घरी असाल तर काय करायचं आणि बाहेर असाल तर काय. तुमच्या कागदावर त्या नसतील तर पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषधाचा डोस किंवा वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका, आपल्या डॉक्टरांशी बोला.)